चालत नाही

केतकी शंकराला चालत नाही,
मिरजेची आत्या बारशालाच म्हणाली फोनवर,
नाव बदला, अजून वेळ गेलेली नाही.
आम्ही हसलो. स्टॉकपोर्टमध्ये
शंकर कुठे भेटणार होता तिला.

मग दोन वर्षं, अडीच, तीन,
दवाखान्यातल्या निळ्या गादीशेजारी बसून
इंग्रजीत मान डोलवायचे मी
आणि मनात आत्याचंच वाक्य, अर्धं:
केतकी चालत नाही.

चार वर्षं दोन महिने, मंगळवार.
सोफ्याचा काठ सोडून निघाली
ती थेट दारातून, फाटकातून, रस्त्यावर.
पोटातल्या नळीला जोडलेला पंप
मागून फरपटत, कुत्र्याच्या पिल्लासारखा.
मी अनवाणी. सलील रात्रपाळीवरून येऊन झोपलेला.
समोरच्या डोरीनबाईंनी
कचऱ्याचा डबा आडवा लोटला नसता तर
हे मी अजून कुणाला पुरतं सांगितलेलं नाही.

आता शाळेतून फोन येतो.
मिसेस दाभाडे, हे असं चालणार नाही.
म्हणजे चावली.
म्हणजे या आणि घेऊन जा.

रात्रीचे दोन. भत्त्याचा फॉर्म, चाळीस पानं.
वाईटातल्या वाईट दिवसाचं लिहा,
सल्ला केंद्रातल्या बाईंनी बजावलंय,
बऱ्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत.

रात्री किती वेळा उठावं लागतं?
चार लिहिते. खोडते. सहा.
झोपच लागली नाही तर
उठणं कुठून मोजायचं?

मुलापासून इतरांना धोका आहे का?
माझा डावा हात दिव्याखाली.
त्यावर दुधाच्या दातांची अर्धी चंद्रकोर, पिवळी पडत आलेली.
मार्चमध्ये वरचा एक दात पडला तिचा,
ती फटसुद्धा उमटली आहे नीट.
काळ्या शाईने लिहा. चौकटीबाहेर जाऊ नका.

झटका आल्यास किती मिनिटं?
पाच झाली की गालात औषध.
चौथ्या मिनिटाला रामरक्षा आठवते मला,
पहिली ओळ. दुसरी कधी पाठच नव्हती.
हे लिहीत नाही.

पान उलटत जाते आणि वाटतं,
आपल्याच पोरीची चहाडी करतेय सरकारकडे,
तीही शाळेत शिकलेल्या सुबक अक्षरात.

परवा विटांच्या रेल्वेपुलाखाली
भर पावसात दीड तास बसलो दोघी.
वरून गाडी गेली की
ती माझी हनुवटी धरून
तोंड वर फिरवायची माझं: परत.
तेवढाच एक शब्द स्वच्छ येतो तिला.
आत्याही तोच म्हणते, परत या, इथे माणसं आहेत.
गाड्या येत राहिल्या. कोट भिजले.
एक माणूस आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत गेला,
आणि मला, खरंच, काही वाटलं नाही.

आणि मोहरी.
तोंडाने घोटभर पाणी न घेणारी ही
फोडणी तडतडली की जिना उतरून येते,
दोन्ही हात पंखांसारखे,
आणि हसते, पोटातून, नळी हलेपर्यंत.
परत.
रविवारी सात फोडण्या केल्या मी,
ओतायला आमटी नाही, भाजी नाही, काहीच नाही.
शेवटी छतावरचा धुराचा भोंगा कोकलला
आणि सलील खाली आला, बनियनमध्ये, काय जळतंय म्हणत.
आठवी त्याने केली.

शेवटचं पान. आणखी काही माहिती द्यायची आहे का?
कोरी चौकट, तळहाताएवढी.
पेन टेकवते. मोहरीला इंग्रजीत
काय म्हणतात ते माहीत आहे मला.
पण वाईटातला वाईट दिवस लिहायचा आहे.

वरील मजकूर खरा व पूर्ण आहे, येथे सही करा.
खरा आहे.

वर पंप वाजायला लागलाय.
सही सकाळी करते.